पडद्यावरचं ‘माहीत नाही’

शौनकचं काम चार ओळींत आटपायचं, ऋजुताला त्यालाच चाळीस ओळी लागायच्या, आणि ताठा मात्र दोघांचा सारखाच. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत या दोघा प्रोग्रॅमरना एका गाडीला जुंपायचं काम दीक्षा तांबेकडे होतं. दीक्षा मालगुंडची, शिक्षकाची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून आली तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. तिकडे काही जमलं नसेल, असंही बोलून झालं. तिला मात्र इथेच राहून चांगलं काम करून दाखवायचं होतं.

त्यांचं सॉफ्टवेअर मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान पडद्यावर दाखवायचं आणि बिघाड झाला की भोंगा वाजवायचं. मोठं गिऱ्हाईक एकच, परशुरामशेठ. त्यांच्याकडे कधी भोंगा उगाच बोंबलायचा, कधी पडदा सोडून सगळंच ठप्प. शेठनी शेवटचं बजावलं, गणपतीपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरं बघतो. शेठ गेले की कंपनीला टाळं आणि दीक्षाला पुन्हा पुण्याची वाट.

शौनक म्हणे, ऋजुताच्या पाल्हाळाने बंद पडतं. ऋजुता म्हणे, शौनकचं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच कळत नाही. दीक्षाने दोघांना गप्प बसवलं आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा कोड मोठ्याने वाचून समजावायला लावलं. तोंडं वाकडी झाली, पण तिने सोडलं नाही. वाचता वाचता घोळ सापडला. वीज गेली, वायर हलली की तापमानाचा आकडा यायचाच नाही, आणि न आलेल्या आकड्याचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. शौनक तिथे शून्य धरायचा. उणे अठरावर ठेवलेल्या कोळंबीला शून्य म्हणजे आकांत, म्हणून भोंगा. ऋजुता जागा रिकामी सोडायची आणि पुढचा हिशेब तिथेच अडकायचा.

पडद्याचा भाग खुद्द दीक्षाचा. तो कधीच बंद पडत नसे, त्याचा तिला अभिमान होता. ऋजुता तो वाचू लागली आणि मध्येच थांबली. आकडा आला नाही की दीक्षाचा पडदा मागचाच आकडा दाखवत राहायचा. आत कोळंबी सडली असती तरी बाहेर उणे अठराच. दीक्षाने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. त्या दोघांचा कोड निदान बोंब तरी मारत होता, तिचा गोड बोलून फसवत होता.

तिने तो त्याच दुपारी पुसून टाकला. ओळी चार असोत की चाळीस, आकडा आला नाही तर तिघांनीही ‘माहीत नाही’ असंच धरायचं, हा नियम झाला.

शेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आधी एकाच खोलीला नवा पडदा लावला. तो बघून शेठ उखडले. "काय गो, आधी कसा छान आकडा दिसायचा. हे काय मधेच माहीत नाही?"

"तो आकडा खोटा होता शेठ, आणि चूक माझी होती," दीक्षा म्हणाली. "आता ठाऊक नसेल तेव्हा तसंच सांगेल. तेव्हा आत माणूस पाठवायचा. हे मी बदलणार नाही."

"म्हणजे इतके दिवस पडदा बघून मी घरी जेवायला जात होतो, तो कशाच्या भरवशावर?"

"नशिबाच्या."

तेवढ्यात त्या खोलीच्या आकड्याजागी ‘माहीत नाही’ उमटलं. शेठनी कुणाला हाक मारली नाही. खुंटीवरचा जाड कोट चढवला आणि स्वतःच आत गेले. बाहेर आले ते चष्म्यावरचं धुकं पुसत.

"माल ठीक आहे. वायर निसटल्येय, तेवढी बसवून दे," ते म्हणाले. "आणि बाकीच्या खोल्यांनाही हेच लाव."