मावशींचं खोबरेल आणि सरकारी ऊब

माझ्यामुळे ब्रिटिश सरकारचे थोडे पैसे वाचले, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सरकारलाही नाही.

एरवी मी गप्प बसणारा माणूस नव्हे. लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात मी बोलायला उभा राहिलो की मागच्या रांगेतले लोक कोट चढवू लागत. पण हा एक विषय निघाला की मी खोकायचो, चहा आणायला जायचो, नाहीतर पार्किंगची वेळ संपली म्हणून उठायचो. (हॉलबाहेर पार्किंग फुकट होतं.) आता वय असं झालंय की विषय बदलायला जावं तर आधी कोणता चालू होता तेच आठवत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

इंदूमावशी म्हणजे माझ्या बायकोच्या, नलूच्या, सख्ख्या मावशी. मावशी आणि त्यांचे यजमान आमच्या कितीतरी आधी लीड्सला आले होते. यजमान बस चालवत, मावशी कपड्यांच्या फॅक्टरीत कोटांना अस्तर शिवत. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मावशी त्या चिंचोळ्या भाड्याच्या घरात एकट्या राहू लागल्या. घर कसलं, फ्रिजच तो, फक्त आत दिवा जरा मोठा! खिडक्यांच्या फटींतून वारा आत यायचा आणि आतली थंडी बघून परत जायचा. सगळ्या घरात गॅसची एकच शेगडी, तीही मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय पेटत नसे.

शेगडी कधी पेटवायची, हे मावशी खोबरेल तेलाला विचारून ठरवत. खिडकीत तेलाची निळी बाटली असे. इंग्लंडात खोबरेल गोठलेलंच असतं, पण किती गोठलंय हा खरा प्रश्न. मावशी अंबाड्यातला आकडा काढून तेलात खुपसत. आकडा रुतला तर एक स्वेटर. रुतला नाही तर दोन स्वेटर. आकडाच वाकला, तर मग शेगडी.

"मावशी, गॅसचं बिल मी भरतो ना," मी दर थंडीत म्हणायचो.

"जावयाकडून घेऊ? आमच्यात ती पद्धत नाही, सुधाकरराव."

"मग आमच्याकडे राहायला या."

"स्वतःच्या घरात गारठून राहीन, पण दुसऱ्याच्या सोफ्यावर ऊब खात बसणार नाही."

नलू म्हणायची, "अहो, तिला छेडू नका. ते घर गेलं तर ती खचेल."

मग कुणीतरी मावशींना सांगितलं की पेन्शन तुटपुंजं असेल आणि घर गरम ठेवायला अवघड असेल, तर सरकार दर आठवड्याला गरमीसाठी जादा रक्कम देतं. ऑफिसातला साहेब येऊन घर बघतो. त्याला पटलं पाहिजे, एवढंच. मावशींनी लगेच अर्ज टाकला. जावयाचे पैसे नकोत, पण सरकारचे हवेत! "इतकी वर्षं मशीनवर मान मोडली ती काय फुकट? ते हक्काचं आहे," त्या म्हणाल्या. आणि मला फोनवर बजावलं, "गुरुवारी साहेब यायचाय. तुम्ही नुसते येऊन बसा. घराला हात लावू नका. आहे तसं दिसू दे त्याला."

आता माझा स्वभाव सांगतो. मी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. सगळं काही शांतपणे, कुणाला न दुखवता व्हावं, ही सवय. त्यातून आमच्या आईनं लहानपणापासून एकच शिकवलेलं: पाहुणा दारात यायच्या आत चादर बदललेली पाहिजे आणि चहाचं आधण उकळत असलं पाहिजे. साहेब सरकारी असला म्हणून काय झालं? पाहुणाच तो. त्याला कुडकुडत बसवायचं? पण हे सगळं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळंच होतं. साहेब विचारणार, "आपण कोण?" मी म्हणणार, "डॉक्टर, यांचा जावई." मग तो माझ्याकडे बघणार, माझ्या नव्या ओव्हरकोटाकडे बघणार, आणि मग मावशींच्या दोन स्वेटरांकडे बघणार. ती नजर मला नको होती.

गुरुवारी दुपारी नलू मावशींना पायाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. घराची एक किल्ली आमच्याकडे असायचीच. मी डिकीत आमचे दोन फॅन हीटर टाकले, एका मित्राकडून रॉकेलचा हीटर आणला (त्याला सांगितलं, घरातला भिंतीचा रंग वाळवायचाय) आणि मावशींच्या घरात शिरलो. म्हटलं, गारठा थोडा मोडू. अगदी थोडा. साहेबाला बसवेल इतपत.

दहा मिनिटांनी हात लावून पाहिलं, भिंती थंडच. दुसरा हीटर लावला. तरी थंडच. तिसरा पेटवला, शेगडी पूर्ण सोडली आणि मीटरमध्ये खिशातली सगळी नाणी ओतली. मग पेपर उघडला आणि क्रिकेटची बातमी वाचता वाचता... काय सांगू, दुसऱ्यांना झोपवणारा माणूस स्वतःच झोपला!

जाग आली ती गाडीच्या दाराच्या आवाजानं. खोलीत मे महिन्यातलं नागपूर झालं होतं. खिडक्यांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मी फॅन हीटर वरच्या पलंगाखाली कोंबले, रॉकेलचा विझवून परसातल्या कोळशाच्या खोलीत ढकलला, शेगडी बंद केली आणि दार उघडून हसतमुखानं उभा राहिलो.

नलू मावशींना दारात सोडून मुलांना शाळेतून आणायला गेली. मावशी आत आल्या आणि थबकल्या.

"सुधाकरराव, मला ताप आलाय का हो? अंगातून वाफा निघतायत."

इथे मी सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं? डॉक्टर म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे म्हणालो, "किंचित कणकण आहे खरी."

"तरीच!" मावशी म्हणाल्या, आणि तापात वारा लागू नये म्हणून त्यांनी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळली.

तेवढ्यात बेल वाजली. साहेब आत आला आणि त्याचा चष्मा वाफेनं जागीच पांढरा झाला. मग चष्मा पुसला, मफलर काढला, ओव्हरकोट काढला, थोड्या वेळानं जाकीटही काढलं. मला वाटलं आता टायवर येतोय. बिचारा भला माणूस होता. अस्सल यॉर्कशरचा, बाईमाणसाशी बोलताना प्रत्येक वाक्यात 'लव्ह' (म्हणजे तिकडचं 'ताई') घालणारा.

त्यानं बॅगेतून थर्मामीटर काढला. पाहिला. झटकला. पुन्हा पाहिला.

"घर नेहमी असंच असतं का, लव्ह?"

"नेहमी!" मावशी ठणकावून म्हणाल्या. (फॅक्टरीतलं त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा अस्सल होतं.) "बारा महिने हे असंच. विचारा आमच्या डॉक्टरांना!"

साहेब माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुम्हाला हे घर थंड वाटतं?"

मी घाम पुसत म्हणालो, "इतर वेळी... बरंच थंड असतं."

"इतर वेळी म्हणजे?"

"म्हणजे आपण नसता तेव्हा."

त्यानं ते लिहून घेतलं. मग जिन्याकडे पाहत म्हणाला, "वरची खोली बघू?" मी जिन्याच्या तोंडाशी सरकलो. पण लगेच त्यानंच मान हलवली. "नको. गरम हवा वर जाते. माझी हिंमत नाही."

मावशींच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसतंय. तापामुळे आपल्यालाच थंडी कळत नाहीये, असा त्यांचा समज. पण पुरावा तर खोटं बोलणार नाही! त्या उठल्या आणि खिडकीतली निळी बाटली घेऊन आल्या.

"हे बघा साहेब. हे आमचं खोबरेल तेल. माझ्या घरात हे दगड असतं, दगड! बाटली उलटी केली तरी थेंब पडायचा नाही."

बाटली निळी, आतलं दिसत नव्हतं. पण रॉकेलचा हीटर मी नेमका त्या खिडकीखाली ठेवला होता, हे मला त्याच क्षणी आठवलं.

"मावशी, राहू द्या," मी ओरडलो.

"थांबा हो!" म्हणत मावशींनी टोपण काढलं आणि बाटली साहेबाच्या मांडीवरच्या कागदांवर सरळ उलटी केली.

सगळी बाटली रिकामी झाली. कागद, पँट, मोजे, बूट, सगळं माखलं. घरभर खोबरेलाचा वास सुटला, अगदी अभ्यंगस्नानाचा. साहेब खाली बघत राहिला आणि सौम्यपणे म्हणाला, "लव्ह, हे मला पातळ वाटतंय."

मावशींचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. बाटली हातात तशीच उलटी धरून त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे मी आता काहीतरी बोलेन, अशा. आणि मी बोललोच. म्हणालो, "मावशी, टॉवेल कुठे असतात?"

अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

मावशींनी शांत डोक्यानं विचार केला आणि त्यांना गुन्हेगार सापडला. "तेलात भेसळ होती! शुद्ध खोबरेल असं वागेल का?" कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, जयंतीभाईला, त्यांनी भर दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. तो गरीब माणूस शपथा घेत राहिला. मावशींनी त्याचं दुकान कायमचं सोडलं, आणि तेव्हापासून खोबरेल आणायला मी त्यांना गाडीनं ब्रॅडफर्डला नेऊ लागलो. प्रत्येक खेपेला त्या सगळ्या रस्ताभर जयंतीभाईचा उद्धार करत. मी स्टिअरिंग घट्ट धरून "हं, हं" करी.

नलूला मात्र त्याच संध्याकाळी कळलं होतं. मावशींची नजर चुकवून मी हीटर परत डिकीत टाकले होते, आणि नेमकी तिनंच डिकी उघडली.

"अहो, आपले हीटर डिकीत कसे?"

"सर्व्हिसिंगला नेले होते."

"हीटरचं सर्व्हिसिंग?"

"हॉस्पिटलात सगळ्या मशीनचं करतात."

नलूनं डिकीत नाक घालून रॉकेलचा वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "तिला तुम्ही सांगायचंत. मी नाही सांगणार."

पुढची थंडी मावशींना झेपली नाही. छाती धरली, खोकला हटेना, आणि शेवटी त्यांनीच फोन केला, "नलू, न्यायला या गं." घराच्या किल्ल्या परत द्यायच्या दिवशी त्या रिकाम्या खोलीत खिडकीशी उभ्या राहिल्या. फळीवर तेलाच्या बाटलीचा गोल डाग पडला होता. त्यांनी तो पदरानं पुसला, निघाला नाही, तर पुन्हा पुसला. मी दारात सामान घेऊन उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. पण माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या ना! (बोलायला हात लागत नाहीत, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं.)

आमच्याकडे आल्यावर मावशींनी मला आणखी मोठी शिक्षा दिली: त्या माझी स्तुती करू लागल्या. मंडळात, देवळात, दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टपुढेसुद्धा. "सरकारनं नाकारलं हो, पण जावयानं घरात घेतलं. देवमाणूस आहे!" देवमाणूस मान खाली घालून भजी खात असे. लोकांना तो विनय वाटे. एका गणपतीत तर मंडळानं माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी नारळाकडे बघितलं आणि मला घाम फुटला.

मग मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. भूल माझा सहकारी देणार होता, मी नुसता शेजारी उभा. म्हटलं, आता सांगितलंच पाहिजे. माणसाचं काय सांगावं. मी त्यांचा हात धरला. "मावशी, मला एक सांगायचंय." "सांगा की," त्या म्हणाल्या. मी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग सगळं सांगितलं: हीटर, रॉकेल, ताप, जयंतीभाई, सगळं. एक शब्द गाळला नाही.

फक्त, माझा घसा साफ होईपर्यंत सहकाऱ्यानं इंजेक्शन देऊन टाकलं होतं.

शुद्धीवर आल्यावर मावशींनी डोळे किलकिले करून विचारलं, "मघाशी काय सांगत होतात?"

"काही नाही. थंडी वाजत्येय का, विचारत होतो."

"छे हो," मावशी डोळे मिटून म्हणाल्या. "अगदी तो साहेब आला होता ना, त्या दिवसासारखी ऊब आहे."

मी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. उत्तम होतं. माझं कुणी बघितलं नाही.

त्यानंतर मावशी बरीच वर्षं होत्या, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही; मीही नाही. आता त्या नाहीत, आणि माझंच वय सरकारकडून थंडीची मदत घेण्याचं झालंय. ती आपोआप येते, कुणी साहेब घर बघायला येत नाही. आमच्या खिडकीतलं खोबरेल बारा महिने पातळ असतं. रोज सकाळी टाळूवर चोळताना एक वाक्य ओठांपर्यंत येतं. ते इथे लिहून टाकतो, यापलीकडे ते पोचवायला आता दुसरा पत्ता नाही:

मावशी, तेल शुद्ध होतं. भेसळ जावयात होती.