माळावरची आमरी आणि आमची मंडळी

आमच्या रानफुलांच्या ग्रुपमध्ये फुलांपेक्षा किस्सेच जास्त उगवतात. फुलांना निदान ऋतू असतो; आमच्या ज्येष्ठ मंडळींना मात्र बारमाही बहर! ग्रुप बोईसरचा. त्यात तिशीच्या आतली मी एकटीच. बॉटनी शिकलेलीही मी एकटीच, पण ते कुणी फारसं मनावर घेत नाही.

यंदा मला हसायला फुरसत नव्हती. गावाबाहेरच्या माळावर भराव टाकून ट्रक उभे करायची जागा करायचं पंचायतीत चाललं होतं. त्याच माळावर आमरी उगवते. जमिनीवर वाढणारं, पांढऱ्या तुऱ्याचं ऑर्किड. आसपास मला ती दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. सरपंचताई म्हणाल्या होत्या, "मला फुलं दाखवा, मंग बघू." म्हणजे ती फुललेली असताना ताईंना तिथे न्यायचं, एवढंच काम.

एवढंच!

*

आमच्यात राऊतसरांनी नाव दिल्याशिवाय कुठल्याही फुलाला नाव नसतं. सर निवृत्त मुख्याध्यापक. ते रिक्षात बसल्या बसल्या फूल ओळखतात.

एकदा एमआयडीसीतून जाताना कुंपणावर पिवळं काहीतरी हललं. "सोनकी," सर म्हणाले, आणि मागच्या रिक्षालाही फोन करून कळवलं. मी रिक्षा थांबवायला लावली. जवळ जाऊन पाहिलं तर सेफ्टी टेप वाऱ्यावर फडफडत होती.

सरांनी चष्मा पुसला. "या वर्षी सोनकीला उशीर दिसतोय," म्हणाले.

*

पाऊस तोंडावर आला की शेवळं जमिनीतून डोकं वर काढतात. आपण ज्याची भाजी करतो तो खरं तर फुलोरा. तो रानात उभा बघायचा म्हणून आम्ही पालघरच्या पुढे एका टेकडीवर सकाळभर हिंडलो. एक शेवळ दिसेल तर शपथ.

दमून डबे उघडले, तर चुरीकाकूंच्या डब्यात शेवळाची भाजी! आदल्या संध्याकाळी बाजारातून चांगले दोन वाटे उचलले होते त्यांनी. मी भडकले. काकूंनी शांतपणे माझ्या पोळीवर भाजी वाढली. "बघून काय पोट भरतंय?"

भाजीत काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घालायची मात्र राहिली होती. काकडांचा आंबटपणा नसला की शेवळं घशाला खाजतात. दोन घासांत सगळे खाकरायला लागले. सरांचा तर आवाजच बसला. बाटलीभर पाणी प्यायल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "ओळख पटली. शेवळच."

*

तांडेलकाका मुरबे गावचे, अजून मासेमारीच्या बोटीवर जाणारे. किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीचा मोसम त्यांनी मला ठासून सांगितला होता, "पावसात बोटी वर ओढल्या का फुलते, बोटी दर्यात गेल्या का बंद."

ऐन थंडीत मला चिंचणीच्या वाळूत फुललेली मर्यादवेल दिसली. फोटो ग्रुपवर टाकला. लगेच काकांचा फोन.

"तवा मी दर्यात असतो गं पोरी. मी नाय बघायला, तर फुलते कोनासाठी?"

*

श्रावण सरत आला आणि माळावर आमरीला कळ्या दिसल्या. मी मीटिंग बोलावली. याच आठवड्यात ताईंना नेऊया, म्हटलं.

गणपती होऊ दे, असं सर म्हणाले. त्यानंतर पितृपक्ष, तेव्हा नको, असं काकूंचं मत. मग नवरात्रात बघू यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"तोवर ती वाळून जाईल!"

"अगं, पुढच्या वर्षी फुलेलच की," सर म्हणाले. "तुला घाई फार."

"पुढच्या वर्षी तिथे ट्रक फुलतील," मी म्हटलं, आणि तिथून उठून थेट सरपंचताईंचं घर गाठलं. रविवारी सकाळी यायचं त्यांनी कबूल केलं.

सर दोन दिवस रुसले. मग स्वतःच फोन केला. पाहुण्या येणार म्हणजे सगळं नीट व्हायला हवं. "तू फक्त ताईंना घेऊन ये. बाकी आमच्यावर सोड."

*

रविवारी ताईंच्या गाडीतून मी माळावर पोचले. शनिवारी बघून गेले होते, आमरी भरात होती. आता बघते तर माळावर सतरंजी, खुर्च्या, समई. मंडळी उजाडल्यापासून राबलेली, सगळ्यांच्या चपला चिखलाने माखलेल्या. काकूंनी ताईंना ओवाळलं. शाल झाली, श्रीफळ झालं, तांडेलकाकांनी वाकून भलाथोरला गुच्छ दिला. सरांनी खिशातून भाषण काढलं.

"भाषन ऱ्हाऊ द्या सर," ताई म्हणाल्या. "मला वेळ नाय. ती आमरी कुठं हाय, ती दाखवा."

सरांचा चेहरा उजळला. "ताई, तुम्हाला आम्ही दुकानातला गुच्छ देऊ का? तुमच्या हातात आहे ती. अख्ख्या माळावरची, एकूण एक वेचून आणली."

ताईंनी गुच्छाकडे पाहिलं. मग माळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मंग आता हितं काय वाचवायचं, बाय?"