भाटानं पिढ्या वाचल्या

त्या भाटाचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या पिढ्या लिहिलेली पोथी घेऊन तो राजस्थानातून धुळ्याला यायचा. पोथीला कुंकू लावल्याशिवाय पाणी पीत नसे.

बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि पोरीची सोयरीक अडली. मुलाचा काका तोंडावर म्हणाला, "नाना, तुमना आजा कोठला, कोनले म्हाईत?"

मी भाटालाच त्याच्यापुढे आणला. एक हात कानावर ठेवून त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. आजा, पणजा, त्यांच्या बायका, बायकांची माहेरं. शेवटी मी आणि माझी बायको.

"ती गेली," मी म्हणालो.

"कुळात आलेली बाई आम्ही खोडत नाही, नाना."

काकानं उठून मला व्याही म्हणून हाक मारली. "याही, गूळ आना आते!"

गूळ मीच वाटला. तिच्या वाटचाही मीच खाल्ला.