चाचांची चिठ्ठी

वारंगा फाट्यावर माझं टायरचं दुकान आहे आणि रविवारी दुपारी तिथं पुण्याची घोड्यांची शर्यत भरते. मोबाईलवर. प्रेक्षक मी एकटाच, तरी हातात पाना घेऊन असं समालोचन करतो की उभ्या ट्रकनीही माना वळवाव्यात.

पूर्वी आम्ही दोघं होतो. दुसरे म्हणजे शेजारचे चाचा, बैलांना नाल ठोकण्यात आयुष्य गेलेले. मी मागच्या शर्यती, वजन, जॉकी, सगळं वहीत मांडायचो. चाचा फक्त पाय बघायचे. मग घोडा शंभरातून किती वेळा जिंकेल, ते दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लपवून लिहायचं. सट्ट्याचा बाजारभाव म्हणतो दहा वेळा आणि आम्ही दोघंही म्हणतो वीस, म्हणजे घोडा स्वस्तात मिळतोय. दोघांचं जुळलं तरच तो आपला. पैज चहाची.

उन्हाळ्यात चाचा मुलाकडे हैदराबादला गेले. तेव्हापासून त्यांचीही चिठ्ठी मीच लिहितो, त्यांच्यासारखं खाकरून, एक डोळा मिटून. गेल्या रविवारी दोन्ही उघडल्या. पंचवीस. पंचवीस. मागच्या चिठ्ठ्या काढल्या, तर सगळीकडे एकमत! जो माणूस माझ्याशी क्वचितच सहमत व्हायचा, तो आता मान डोलावत होता.

फोन लावला.

"चाचा, पाच नंबरचा बघा. स्वस्तात मिळून राहिला."

"बेटा, आता बराबर दिसत न्हाई. तू सांग, पाय कसे हायत?"

मी वही उलटली. इतक्या वर्षांत मी पाय बघितलेच नव्हते.

"काहून गप? वहीत पाय न्हाईत का?"

मोबाईल नाकाशी धरला. शर्यतीआधी घोडे गोल फिरत होते. "पुढचा डावा जरा जपून टाकतोय."

"टेकवताना मान हलते?"

"किंचित."

"शंभरात दोन. लिही."

चाचांच्या चिठ्ठीवरचे पंचवीस खोडून दोन लिहिलं. आमचं पुन्हा जुळलं नाही, काय आनंद झाला! घोडा सोडला. तो शेवटून दुसरा आला.

"चाचा, जिंकलात!" मी बोंब मारली.

पलीकडून त्यांच्या सुनेचा आवाज आला. "अब्बा सो गए।"

टपरीवर दोन चहा सांगितले, एकात चाचांची दुप्पट साखर. तो कप समोर ठेवला. साय धरली, तसा उचलून मीच प्यालो. फार गोड होता.