आई पडली

हे मी तोंडानं एकदाच बोललो आहे, तेही फार उशिरा. बाहेर कुणाला आजवर सांगितलं नाही. चूक माझी होती — यंत्राची नव्हती, आणि आईची तर नव्हतीच.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोत राहायचो. बाबा गेल्यावर आईला नागपूरहून आणलं होतं. मी आणि बायको सुनीता ऑफिसात, मुलगी शाळेत, घरात आई एकटी. मला इलेक्ट्रॉनिक्सचा छंद. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर जोडून मी त्याला माझ्या फोनवर मेसेज पाठवायला शिकवलं. आईच्या गादीखाली दाब ओळखणारी पट्टी ठेवली — दुपारी ती आडवी झाली की मेसेज यायचा, ‘आई पडली’. फोनवर देवनागरी नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत. मग बाथरूममध्ये, खाली टबाजवळ, मदतीसाठी बटण बसवलं. आणि त्यालाही — काय सांगू तुम्हाला? — तीच ओळ कॉपी केली. शोभतही होती.

सुनीता हसली होती. "अरे, पडली म्हणजे झोपली की आपटली? कळणार कसं?"

"दुपारी आला तर झोपली. सिंपल!"

एका दुपारी मीटिंगमध्ये फोन थरथरला. ‘आई पडली’. मी वाचलं. बरं वाटलं — झोपली बिचारी. फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी ती बाथरूमच्या फरशीवर सापडली. मनगट मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले. "बटण दाबलं रे मी," एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलात सुनीतानं विचारलं, "मेसेज आला नाही?"

फोन खिशातच होता. "नाही," मी म्हणालो. मग पार्किंगमध्ये जाऊन मेसेज डिलीट केला.

पण याहून वाईट पुढेच आहे. आईनं दोष स्वतःकडे घेतला. "माझाच अंगठा नीट बसला नसेल." प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती दुसऱ्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबून बघायची. मी समोर बसून चहा प्यायचो. का नाही बोललो? भीती — दुसरं काय? तिच्या नजरेची, सुनीताच्या नजरेची. फोन नुसता थरथरला तरी मी तो उलटा ठेवायचो. कुणाला कळलं तर?

"साधं बटण दाबता येत नाही मला. तुमच्या जिवाला घोर नको," म्हणत आई नागपूरला परतली. नातीला सोडून. जायचं नव्हतं तिला. तिकीट मीच काढलं.

पुढल्या हिवाळ्यात आम्ही नागपूरला गेलो. आई ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसलो. सुनीता दारात उभी होती. ती आत जाईपर्यंत थांबावं असं फार वाटलं. थांबलो नाही.

"आई, तू बटण बरोबर दाबलं होतंस. मेसेज आला होता. मी वाचला, आणि आलो नाही. मग खोटं बोललो — हिच्याशी, तुझ्याशी. माझं चुकलं, आई."