धरणारं तेल

आत्या गेल्याचं मला नांदेडला, ऑफिसच्या जिन्यात कळलं. मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा फोन होता. "पोरी, आत्या गेली बघ… झोपेतच."  जागेवर येऊन बसले आणि मनात आलं ते काय, तर गाडीचं ऑइल. काही आठवडे उलटले, तरी आत्या आठवली की आधी तेच आठवतं.

आत्या उदगीरची. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक झाला होता. क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून गाडी चालवणंही शक्य नाही, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मग हैदराबादहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आली. क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. आत्या शिवण शिकवायला शिरूर अनंतपाळला जाऊ लागली, तीही एकटी. "कुणाला वेळ हाय का" हे विचारणं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मला तिच्याकडे पाठवलं होतं. मामांच्या डाळमिलच्या बोअरला निदान थोडं पाणी होतं. त्याच दिवसांत गाडी रुसली. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायला तयार नसायची. मामा म्हणाले, "विकून टाकू. रिक्षा हायेत की गावात." आत्यानं गाडीतली माहितीपुस्तिका माझ्यापुढे टाकली. "इंग्लिश शाळेत घातलंय नं तुला? वाच."

वाचता येत होतं, सांगता येत नव्हतं. गिअरच्या पेटीत दोन पुल्या आहेत, त्यांच्यावर पोलादी पट्टा आहे आणि तो सगळा तेलात बुडालेला असतो, एवढं कसंबसं सांगितलं. आत्यानं शिवणाची सुई तशीच हवेत धरली.

"पट्टा? तेलात?"

"हो."

"खुळी का काय! मिलच्या पट्ट्याला थेंबभर तेल लागलं की घसरतोय. मग राळ लावावी लागती. हा बुडलाय तर धरतोय कसा?"

पुस्तिकेत ते कुठंच नव्हतं. पण तिला आपली गाडी जाईल की राहील याच्या आधी हा प्रश्न पडला, याचं मला फार नवल वाटलं.

आम्ही खलीलभाईंच्या गॅरेजवर गेलो. तिथे चार माणसं उदगीर जिल्हा कधी होणार यावर भांडत होती. खलीलभाई लाल ऑइलचा डबा काढून तयारच होते. मी पुटपुटले, "यात हे चालत नाही."

"का बरं बेटा? ऑटोमॅटिकमदी हेच पडतंय."

"पट्ट्याच्या ऑटोमॅटिकला वेगळं लागतं. पुस्तिकेत लिहिलंय."

"गाडीबी इंग्लिश मीडियमची हाय म्हना की!" सगळे हसले. माझे कान तापले. आत्या म्हणाली, "हसा. पेटी जळली तर मला पाठंगुळीवर शिरूरला नेनार का?"

हसू थांबलं. खलीलभाईंनी पानावर बोट टेकवून मला तेवढा भाग दोनदा वाचायला लावला आणि डबा बंद केला. "मग बरोबर हाय. पन ते इथं न्हाई मिळत."

"जिल्हा झाल्यावर मिळंल," मागून कुणीतरी म्हणालं. गावाला पाणी कधी येणार, याचंही त्या चौघांनी मघाशी हेच उत्तर दिलं होतं.

ऑइल नांदेडहून यायला वेळ लागला. तोवर आत्यानं खलीलभाईंकडून सगळी तेलं बघून घेतली. साध्या गिअरचं मधासारखं दाट, गंधकाच्या वासाचं. लाल होतं ते पातळ, सरबतासारखं. तिच्या गाडीतून निघालं ते काळपट आणि करपलेलं. शेवटी आलं ते हिरवट. प्रत्येकाचा थेंब तिनं दोन बोटांत चोळून पाहिला. तिला फरक कळेना. "सगळीच तर घसरतेत," ती म्हणाली.

नवं ऑइल भरल्यावर गाडीला आधी तिनं गॅरेजसमोरच्या चढावर घातलं. मी शेजारी बसले होते. गाडी क्षणभर थबकली… आणि चढली. आत्या वळून घरी आलीच नाही, तशीच शिरूरच्या रस्त्याला लागली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे कॉलेजात सापडलं. पुली पट्ट्याला प्रचंड जोरानं दाबते. त्या दाबाखाली मधला तेलाचा बारीक थर क्षणापुरता घट्ट होतो आणि पट्टा धरून ठेवतो. दाब गेला की पुन्हा पातळ. हे बोटांत कळणारच नव्हतं. मी लगेच फोन केला.

"म्हंजे दाबल्याबिगर धरत न्हाई," आत्या म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासारखंच की!" मागून मामांचा आवाज आला, "काय म्हनायलीस गं माझ्याबद्दल?"

परवा उदगीरला गेले. गाडी विकली असेल असं धरूनच गेले होते. पण मामा मला स्टँडवर घ्यायला आले ते तीच गाडी घेऊन. जन्मभर जीप चालवलेला माणूस. वेग कमी झाला की डावा पाय क्लच शोधायला उचलला जायचा, काही सापडायचं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी उशी होती, इरकली लुगड्याच्या तुकड्याची, नाडीनं घट्ट बांधलेली. आपला बारीक पाय लोंबकळू नये म्हणून आत्यानं शिवलेली. मामांनी ती काढली नव्हती. सिग्नलला त्यांचा पाय पुन्हा उचलला गेला, जरा घुटमळला, आणि मग त्यांनी तो हळूच त्या उशीवर ठेवला.