देव नसलेलं नाटक

मिठाच्या चळवळीनंतर दोन-तीन वर्षं उलटली असतील. मुंबईच्या काही शिकलेल्या तरुणांनी अलिबागेत नाटक आणलं, तेही नारळाच्या रिकाम्या वखारीत आणि भर दुपारी. पडदा नाही, पेटी नाही, गाणी नाहीत. किहीमला आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा आई म्हणाली, "दुपारचं नाटक? त्यांना रातीचं भ्या वाटतं का काय?"

गोष्ट मात्र ओळखीची होती. दिलेल्या शब्दापायी राज्य सोडणारा राजा मसणात राबतो, राणी साप चावून मेलेलं पोर घेऊन तिथंच येते, आणि शेवटी देव येऊन पोराला उठवतो. जत्रेत आम्ही ती कितीदा पाहिली होती. वहिनी चुलीपुढून उठून म्हणाली, "मला न्याल का, वन्सं?" आदल्या पावसाळ्यात तिचा लहानगा तापानं गेला होता. त्यानंतर तिनं तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे घरात माझा शब्द थोडाफार चालायचा. तरी भाऊ हो म्हणेपर्यंत माझा घसा बसला.

वहिनीनं बरोबर नारळ घेतला. आमच्याकडे नाटकात देव आला की बायका उठून त्याच्या पायांशी नारळ ठेवतात. तो देव कालपर्यंत शेजारी बोंबील वाळत घालत होता, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

वखारीत गोणपाटावर बसवलं. राजा आमच्यातच येऊन बसला आणि पुटपुटायला लागला. एवढं उन्हातून चालत आलो ते काय त्याची पाठ बघायला? राणीचं काम खऱ्या बाईनं केलं होतं आणि चांगलं केलं होतं, ते नाकारत नाही. पण पोर म्हणून तिच्या हातात होती धोतराची घडी! माझं डोकं तिथंच फिरलं. वहिनी मात्र त्या घडीवरून नजर काढत नव्हती. नारळ तिनं मांडीवर घट्ट धरला होता.

राणीनं घडी जमिनीवर ठेवली. राजानं मान खाली घातली. मग सगळे नट ओळीनं उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आम्ही बसून राहिलो. देव यायचा होता ना!

नाटक बसवणारा चष्मेवाला तरुण पुढे आला. "संपलं नाटक. निघा आता."

"पोर उठलं न्हाय अजून," मागून एक म्हातारी म्हणाली.

तो हसला. "आजी, मेलेलं माणूस उठत नाही. हेच तर आम्हाला दाखवायचं होतं."

वहिनी उभी राहिली. चार माणसांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्ये मला ठाव हाय," ती म्हणाली. "माझ्या मांडीवरनं नेलं, त्ये उठलं न्हाय. म्हणून तर हितं आले."

त्यावर तो नाटकाच्या हेतूविषयी काहीतरी बोलू लागला. मी वहिनीचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. वाटेत मीच एकटी बडबडत होते. एक देव उभा करायला यांच्या बापाचं काय जात होतं? सुताचा मुकुट नि थोडी हळद, एवढ्यात काम झालं असतं. शिकून शहाणे झालेत, पण कुणापुढे काय मांडावं याची अक्कल कुठल्या शाळेत मिळते, ते एकदा विचारायला हवं होतं. वहिनी नारळ तसाच घेऊन चालत होती.

घरी शेजारच्या बायका ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. आईनं लगेच विचारलं, "कसं झालं गं? पोर उठलं?"

मी तोंड उघडलंच होतं, तोच वहिनी म्हणाली, "उठलं तर. देवानं डोक्यावर हात ठेवला, न् आई म्हणून हाक मारलीन त्यानं."